एक नंबर कुणाचा

अध्यक्षसाहेबांची गाडी गेटातून आत आली की नेट जातं, हे सगळ्यात आधी आमच्या बडेबाबूंच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, लक्षात आलं. ते गमतीनं म्हणाले, "साहेब आले का आपुन कसे खुर्चीवरून उठतो, तसं नेट बी उठून उभं राह्यते. लय इज्जतीचं नेट हाय बाई आपलं."

ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले. शुक्रवार होता, सकाळचे साडेअकरा, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजात पहिल्यांदाच ऑनलाईन प्रवेश परीक्षा होती. पण बडेबाबूंचं म्हणणं खरं होतं. सोमवारी साहेब आले होते, तेव्हा नेट गेलं होतं. बुधवारी आले होते, तेव्हाही. ते गेले की अर्ध्या तासात सगळं सुरळीत. आणि आज ते सकाळपासून केबिनमध्ये बसले होते.

मी त्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. अकरा महिन्यांची ऑर्डर, कंत्राटी. माझं गाव अमडापूरच्या बाजूला, रोज एसटीनं जाणंयेणं. आमच्या घरात माझ्या आधी बारावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. माझं पदवीचं सर्टिफिकेट बाबांनी लॅमिनेट करून टीव्हीच्या वर लावलंय, आणि पाहुणा आला की त्याचं तोंड आधी तिकडं वळवतात. मला त्याची लाज वाटत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सर्टिफिकेटं पडून असतात, त्यांना ती भिंतीवर लावायची गरज पडत नाही. आम्हाला पडते.

पण त्या सर्टिफिकेटानं मला एक वाईट खोड लावली होती. 'माहीत नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघतच नसत. गावात कुणी मोबाईल घेऊन आलं, "ताई, नेट काऊन चालून नाई राह्यलं?" म्हणालं, की मी काहीतरी उत्तर द्यायचेच. येत असो नसो. कॉलेजातही तसंच. मला वाटायचं, एकदा का मी 'माहीत नाही' म्हटलं, की कुणीतरी म्हणेल, मग शिकली कायले?

तर त्या शुक्रवारी लॅबमध्ये परीक्षेची रंगीत तालीम चालू होती. चाळीस कॉम्प्युटर. पेपर थेट नेटवरून यायचा आणि पोरांची उत्तरंही तशीच जायची. बटण दाबलं की पडद्यावर गोल चक्र फिरायचं आणि फिरतच राहायचं. मधेच दोन मिनिटं सगळं छान, पुन्हा चक्र. प्राचार्य माझ्या मागं उभे होते. ते बाहेरगावचे, शुद्ध बोलणारे, आवाज कधी चढवत नाहीत. त्यामुळं जास्त भीती वाटते.

"शंभरची लाईन घेतली ना आपण, मॅडम? आधी दहाची होती, तेव्हा तर बंद पडत नव्हती."

"हो सर."

"मग?"

मी स्पीड तपासून बघितला, शंभराच्या जवळपास येत होता. म्हणजे येत होता तेव्हा येत होता. नळाला पाणी भरपूर आणि तरी हंडा रिकामा, असा प्रकार.

"उद्या हे असं झालं, तर चाळीस मुलांचा पेपर जाईल," प्राचार्य म्हणाले. "मुलं देऊळगाव राजापासून येणार आहेत. आपलं केंद्र कायमचं बंद होईल. आणि मला मग कुणाला तरी जबाबदार धरावं लागेल." एवढं बोलून ते गेले. कुणाला, हे विचारायची गरज नव्हती.

राऊटर जिन्याखालच्या छोट्या खोलीत होता, झाडू आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांशेजारी. राऊटर म्हणजे संस्थेची वेस. आतल्या कुठल्याही कॉम्प्युटरला बाहेरच्या जगात जायचं तर त्या वेशीतूनच जायचं. प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, चार आकड्यांचा, टिंबांनी तोडलेला. आमच्याकडे पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे होते, एकाच गावातली घरं असावीत तसे. शेवटचा आकडा ज्याचा त्याचा. नवी लाईन आली तेव्हा कंपनीच्या इंजिनिअरनं नव्या राऊटरला 'एक' नंबर दिला होता, आणि चाळीसही कॉम्प्युटरना मी सांगून ठेवलं होतं, बाहेर जायचं असेल तर एक नंबरला हाक मारा.

मी लॅपटॉप घेऊन त्या खोलीत जमिनीवर बसले. एक नंबरला हाक मारून बघायची सोय असते. आपण विचारायचं, आहेस का, आणि तो म्हणतो, आहे. उत्तर येत होतं. मला वाटलं, राऊटरच खराब असेल, एकदा काढून लावू. म्हणून मी राऊटरची आतल्या बाजूची वायर उपसून हातात घेतली.

आणि उत्तर येतच राहिलं.

वायर माझ्या हातात होती. राऊटरचा आता कुणाशी संबंध नव्हता. तरी पडद्यावर एकामागं एक ओळ उमटत होती, आहे, आहे, आहे. घरात कुणी नाही हे पक्कं माहीत असताना बाहेरून कडी वाजवावी आणि आतून कुणीतरी 'ओ' म्हणावं, तसं झालं. दुपारची वेळ, बाहेर पोरं ओरडत होती. मी वायर खाली टाकली. खरं सांगते, मी दार उघडून बाहेर गेले आणि थोडा वेळ व्हरांड्यात उभी राहिले.

दुसऱ्या कुणाचा तरी नंबर एक होता.

मग मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, इतका वेळ मी ते मनाच्या कडेला ढकलून ठेवलं होतं. वायर परत राऊटरला लावली आणि कपाटातून माझी वही काढली. नंबरांची यादी माझ्याच अक्षरात होती, पट्टीनं रेघा मारून. पहिली ओळ: '१ – मा. अध्यक्षसाहेब, कॅमेऱ्याचा डबा.'

सहा महिन्यांपूर्वी कॉलेजात कॅमेरे बसले. त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा साहेबांच्या केबिनमध्ये ठेवला, म्हणजे वर्गात काय चाललंय ते त्यांना तिथं बसून दिसावं. मी सगळ्यांना नंबर वाटत होते. लॅबला दहापासून पुढं, ऑफिसला पन्नासपासून. डब्याला साठ देणार होते, तेव्हा बडेबाबू म्हणाले, "साहेबाले साठ? बरं दिसन का ते? पोळ्याले मानाचा बैल कुठं असते वं?"

"पुढं."

"मंग."

साहेबांच्या गाडीचा नंबर एक, हजेरीच्या मस्टरमध्ये त्यांच्या संस्थेचा शिक्का पहिला, हॉलमध्ये त्यांची खुर्ची पहिली. मलाही ते पटलं. तेव्हा जुन्या राऊटरचा पत्ता यादीच्या पार शेवटी, दोनशे चोपन्न होता, म्हणून एक रिकामा होता. मी दिला. नावापुढं 'मा.' सुद्धा लावलं. बडेबाबूंचा दोष नाही. त्यांना वाटलं नंबर म्हणजे मान. पण नंबर म्हणजे पत्ता, हे शिकून मी आले होते, ते नाही.

आणि नवी लाईन टाकताना त्या इंजिनिअरनं मला विचारलं होतं. मला शब्दन्‌शब्द आठवतं. "मॅडम, राऊटरले एक देऊन राह्यलो. एक कोणाकडं हाय का?" मी वही न उघडता म्हणाले, "नाही. सगळं माझ्या डोक्यात आहे."

साहेब रोज येत नसत. आणि जाताना केबिनचं मेन बटण स्वतः बंद करून जात. "फालतू लाईट कायले जाळाची?" त्यामुळं साहेब नसले की कॅमेरेही नसत, हे सगळ्या मास्तरांना माहीत होतं. साहेब आले, बटण दाबलं, डबा जागा झाला, की पोरांच्या कॉम्प्युटरनी मारलेल्या हाकेला कधी राऊटर ओ द्यायचा, कधी डबा. डब्याकडं गेलेलं काहीच बाहेर जायचं नाही. तिथंच मरायचं.

मला हे कळलं तेव्हा एक वाजला होता. आणि मी दोन वाजेपर्यंत कुणालाही काही सांगितलं नाही.

हा एक तास मला अजून टोचतो. प्राचार्यांच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि ते फोनवर त्या इंजिनिअरला सुनावत होते. "तुमच्या कंपनीची लेखी तक्रार करतो. तुमच्यासारख्यांना ठेवतं कोण?" मी बाहेर, वही छातीशी धरून. माझ्या मनात आलं, चालू दे. कंपनीच्या माथी जाऊ दे. उद्याच्या दिवस डबा बंद ठेवू, कुणाला कळणारही नाही. पण परीक्षेच्या नियमात होतं, पूर्ण वेळ कॅमेरे चालू. डबा बंद ठेवता येत नव्हता. त्याचा नंबरच बदलायला हवा होता. आणि डब्याचा पासवर्ड एकट्या साहेबांकडे.

बडेबाबू डबा धुवायला बाहेर आले, जेवणाचा. "काय वं बाई, चेहरा काऊन असा झाला? जेवली नाई का?"

"साहेब किती वेळ आहेत?"

"तीनले निघून राह्यले. लग्न हाय त्यायच्या भाच्याकडं. आता सोमवारीच येतीन... नाई नाई, उद्या परीक्षेले येतीन, नारळ फोडाले."

तीनपर्यंत. मी केबिनच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले.  शिपाईमावशी म्हणाल्या, "जाणं मंग आत, का पूजा मांडू दारात?"

"साहेब, येऊ का?"

"ये. तू ते कॉम्प्युटरवाली ना? झालं का नेट सुरू?"

"नाही साहेब. तुमच्या डब्यामुळं... म्हणजे माझ्यामुळं."

"एक काय ते बोल. डब्यामुळं का तुह्यामुळं?"

मी सांगितलं. वेस, नंबर, हाक. शब्द आपटत, धडपडत बाहेर येत होते, आणि भीतीनं माझी शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. साहेब चष्मा काढून ऐकत होते. त्यांच्या मागच्या पडद्यावर लॅब दिसत होती, चाळीस कॉम्प्युटर, चाळीस चक्रं.

"एक नंबर मले कोणं देला?"

"म्या."

"काऊन?"

"तुम्ही अध्यक्ष म्हणून."

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. मला ते जास्त अवघड गेलं. "अन् आता कोणता देतं?"

"दोनशे पन्नास."

"तितके लोकं हायेत का आपल्या संस्थेत?"

"नाही साहेब. सगळे मिळून पन्नास नंबर वापरलेत."

"मंग कायले नेऊन टाकतं मले दोनशे पन्नासात? गावाच्या बाहेर? जवळचा एखांदा देय ना."

आज मला उत्तर सुचतं, की साहेब, पत्त्यात पुढं-मागं काही नसतं. तेव्हा सुचलं नाही. मी घाबरून वही चाळली आणि म्हणाले, "साठ आहे साहेब. रिकामा."

"दे साठ."

मग पासवर्ड. त्यांनी मोबाईलच्या कव्हरमधून घडी घातलेली चिठ्ठी काढली. "तिकडं पाह्य." मी भिंतीकडं तोंड केलं. एका बोटानं एकेक अक्षर दाबल्याचा आवाज. चुकलं. पुन्हा. चुकलं. पुन्हा. मला ठाऊक होतं की हा डबा पाच वेळा चुकलं की अर्धा तास कुलूप लावून घेतो, आणि साहेबांची गाडी बाहेर चालू करून ड्रायव्हर उभा होता. चौथ्यांदा चुकलं.

"थांबा साहेब!" मी ओरडलेच. "त्यात शून्य आहे का? का ओ आहे?"

"पाह्यलं का तू?"

"नाही साहेब. चारदा चुकलं म्हणजे तेच असतं."

 मला वाटलं, संपलं. अध्यक्षांवर ओरडले, वर त्यांना चुकलात म्हणाले. मग माझ्या खांद्याशेजारून चिठ्ठी पुढं आली. "हे घे. तूच टाक."

त्यावर काय लिहिलं होतं ते मी आजही सांगणार नाही. पाचव्यांदा मी दाबलं तेव्हा डोळे मिटून घेतले होते. उघडले तर डबा उघडला होता. एक काढलं, साठ टाकलं. मागच्या पडद्यावर, लॅबमधली चक्रं एकेक करून थांबली. साहेबांना ते दिसलं.

"प्राचार्याले सांगजो," ते उठत म्हणाले. "मी नाई सांगत. चूक कोणाची हाय?"

"माझी."

"मंग." सवयीनं त्यांचा हात मेन बटणाकडं गेला आणि मधेच थांबला. "हे चालू राहू देऊ ना?"

प्राचार्यांना सांगताना मी उभीच होते. त्यांनी एकच विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"एक वाजता."

"आणि मी कंपनीच्या त्या मुलाला दीड वाजता बोललो. तुम्ही दारात होतात." त्यांनी पेन ठेवला. "उद्याची परीक्षा होऊ द्या. मग बघू."

मग बघू. तेवढंच. त्या इंजिनिअरला मी स्वतः फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्या इचारलं होतं मॅडम तुमाले." मी म्हणाले, "हो." तो म्हणाला, "घरी मायसमोर होतो मी, तुमच्या सरायचा फोन आला तवा. स्पीकर चालू होता." मी माफ करा म्हणाले. त्यानं "ठीक हाय" म्हणून ठेवला, पण ते ठीक नव्हतं.

शनिवारी मी पहिल्या एसटीनं आले. पोरं आठपासून जमली. एक मुलगी आईबरोबर थेट रोहिणखेडहून आली होती, गाडी बदलत बदलत, आणि आई मला विचारत होती, "बाई, लाईट गिट तर जात नाई ना? वर्षभर अभ्यास केला व तिनं." मी म्हणाले, "इन्व्हर्टर आहे." नेटचं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, ठाऊक नाही.

दहाला पेपर सुरू झाला. सव्वादहाला गेटाशी हॉर्न वाजला. साहेबांची गाडी. लॅबच्या दारात बडेबाबू उभे होते, त्यांनी माझ्याकडं बघितलं, आज गंमत नव्हती चेहऱ्यावर. मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. डबा तर कालपासून चालूच होता, नंबर बदललेला होता, रात्रभर सगळं चाललं होतं, हे सगळं मला येत होतं, पाठ होतं. तरी गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला तेव्हा मी ती कड सोडली नाही. शिकलेलं डोक्यात असतं. भीती पोटात असते, तिथपर्यंत ते पोचत नाही.

तिसऱ्या रांगेत एक हात वर आला.

मी त्या मुलापर्यंत कशी गेले ते आठवत नाही. "काय झालं?"

"मॅडम, पाणी प्याले जाऊ का?"

त्याच्या पडद्यावर प्रश्न होता, नीट, स्थिर. बाजूच्याच्याही. त्याच्या बाजूच्याच्याही. मी "जा" म्हणाले आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीचा आधार घेतला.

एक वाजता चाळीसही पेपर नीट पोचले. पोरं गेली, साहेब गेले. प्राचार्य ऑफिसात हजेरीची पानं लावत होते. मी बराच वेळ दारात होते, मग विचारून टाकलं.

"सर, सोमवारी येऊ का?"

त्यांनी मान वर केली नाही. "या. आणि कोणता नंबर कुणाला, ती यादी टाईप करून राऊटरच्या खोलीत लावा. खाली तुमची सही. पुढं तुमच्या जागी कुणी आलं तर त्याला विचारत फिरावं लागू नये."

तुमच्या जागी कुणी आलं तर. ही साधी सूचना होती की आणखी काही, ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत उरली नव्हती. ऑर्डरचे चार महिने बाकी होते. मी लॅबमध्ये जाऊन यादी टाईप केली, छापली, दोनदा वाचली. मग एकेक नंबर घेऊन प्रत्येक कॉम्प्युटरपाशी गेले आणि तो खरंच तिथं आहे का, ते डोळ्यांनी बघून आले. सगळं झाल्यावर सही केली.